पहिल्या बाणाची तयारी : प्रकल्प नोंदी

३ मे

गेल्या हंगामात माझ्या बाणाने एक हरीण जखमी झालं आणि निसटून गेलं. अंतर सोळा मीटर, जनावर आडवं उभं, वारा पडलेला. बाण खांद्याच्या हाडावर बसला, चार बोटं आत गेला आणि तिथेच अडला. दोन दिवस माग काढत फिरलो. रक्ताचे थेंब पहिल्या ओढ्यापाशीच संपले होते. घरी येऊन भात्यातले उरलेले बाण लाकडी फळीवर टोक टेकवून फिरवले, तेव्हा पाचांपैकी दोघांची पाती डुगडुगताना दिसली. सोडलेला बाण त्यातलाच होता का, हे कधीच कळणार नाही. पण तशी शक्यता भात्यात घेऊन मी जंगलात शिरलो होतो, आणि ते काही केल्या मनातून जात नाही.

म्हणून हा प्रकल्प. परवान्याचा हंगाम सुरू व्हायला पाच महिने आहेत. तेवढ्यात एकसारखे बारा बाण तयार करायचे, सहा शिकारीचे आणि सहा सरावाचे. दोन्हींचं वजन, लांबी, पिसं सगळं एक. बाकी सामानातलंही जे लागत नाही ते काढून टाकायचं.

आज घरातले सगळे बाण बाहेर काढले. एकोणीस निघाले. एकेक करून काट्यावर ठेवला. सगळ्यात हलका ३७२ ग्रेन, सगळ्यात जड ५६१. (७००० ग्रेनचा एक पाउंड, म्हणजे एक ग्रेन साधारण ०.०६५ ग्रॅम.) दांड्या पाच प्रकारच्या, टोकं सहा प्रकारची. इतकी वर्षं मी या खिचडीवर सराव करत होतो आणि बाण इकडेतिकडे गेला की हाताला दोष देत होतो.

५ मे

धनुष्याचा खरा ताण मोजला. धनुष्य तीन तुकड्यांचं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं आहे, त्यावर ४७ पाउंड असं लिहिलंय. पण तो आकडा २८ इंच ओढीचा, म्हणजे दोरी तेवढी मागे ओढल्यावरचा असतो. माझी ओढ पाहायला एका लांब दांडीवर अर्ध्या अर्ध्या इंचाच्या खुणा केल्या, दादाला बाजूला उभं केलं आणि पाच वेळा ओढलं. साडेसत्तावीस इंच. ताणकाटा लावून तेवढंच ओढलं तर ४६ पाउंड. ओढ इंचभर बदलली की ताण दोन ते तीन पाउंडांनी बदलतो, त्यामुळे हे जुळतं.

अंदाजाने ५० पाउंड धरून बाण निवडले असते तर पुढची सगळी गणितं चुकली असती.

१० मे

वजन किती ठेवायचं, यावर दोन दिवस घातले. मित्राकडून वेगमापक आणला. ४०० ग्रेनचा बाण सेकंदाला १७८ फूट, ५०० ग्रेनचा १६३ फूट. गतिज ऊर्जा काढायला ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४५०२४०. हलक्या बाणाची २८.१ फूट-पाउंड, जड बाणाची २९.५. फार फरक नाही. पण संवेगात, म्हणजे नुसतं वजन गुणिले वेग, जड बाण १४ टक्क्यांनी पुढे आहे. धनुष्य तेच, हात तोच. जड बाण धनुष्यातली ताकद जास्त घेऊन जातो, आणि बाण जे घेऊन जात नाही ते धनुष्यात थरथर आणि आवाज होऊन राहतं. कानालाही ते लगेच कळलं. हलका बाण सुटताना दोरी 'टण्ण' वाजते, जड सुटताना 'थप्प'.

वेगाचा मोह का धरायचा नाही, ते आकड्यांतच आहे. १८ मीटर म्हणजे ५९ फूट. तिथे ५०० ग्रेनचा बाण ०.३६ सेकंदात पोचतो, ४०० चा ०.३३ सेकंदात. दोरीचा आवाज पोचतो ०.०५ सेकंदात. म्हणजे आवाज ऐकून हरणाला खाली दबायला जवळजवळ तीन दशांश सेकंद मिळतातच, बाण कुठलाही असो. शंभर ग्रेन कमी करून मी त्यातले तीन शतांश सेकंद वाचवणार आणि बदल्यात आवाज वाढवणार. मला हा सौदा पटत नाही.

ताणाच्या प्रत्येक पाउंडामागे दहा ग्रेन हा पारंपरिक धनुष्यवाल्यांचा जुना हिशोब आहे. माझ्यासाठी ४६० झाले. मी ५०० धरतो. डॉ. एड ॲशबी यांनी जनावरांवर बाण किती आत जातो याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. जड हाड फोडण्यासाठी त्यांनी ६५० ग्रेनचा उंबरठा सांगितला आहे, तो बहुतेकांना पाठ असतो. माझ्या धनुष्याला तेवढं वजन जास्त होईल, बाणाचा मार्ग फार वाकेल. पण त्याच अभ्यासात क्रमाने पहिली गोष्ट वजन नाहीच. पहिली गोष्ट म्हणजे बाण कुठेही मोडता, वाकता, सैल होता कामा नये. दुसरी, तो सरळ उडायला हवा. वजनाचा नंबर त्यानंतर लागतो. ते डुगडुगणारं पातं डोळ्यांसमोर आलं.

१४ मे

मनातून मला लाकडीच बाण हवे आहेत. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे निर्णय घेताना मी स्वतःला फसवणार नाही.

डग्लस फरच्या चोवीस दांड्या आणल्या, ११/३२ इंच जाडीच्या. सुगंधी पोर्ट ऑर्फर्ड सीडर हे बाणांचं नावाजलेलं लाकूड, पण फर त्याहून जड आणि चिवट. एकेक दांडी डोळ्यासमोर धरून, फिरवून पाहिली. रेषा टोकापासून नॉकपर्यंत, म्हणजे दोरीत बसणाऱ्या शेपटीच्या खाचेपर्यंत, सलग जायला हव्यात. मधेच बाजूने बाहेर पडलेल्या पाच बाद केल्या, त्या कधीतरी तिथूनच फुटणार.

कडकपणा, म्हणजे स्पाइन, मोजायला घरीच घोडी केली. २६ इंच अंतरावर दोन आधार, मधोमध दोन पाउंडांचं वजन, दांडी किती लवते ते पाहायचं. २६ ला त्या इंचांनी भागलं की पाउंडात स्पाइन मिळतो. ०.५२ इंच लवली तर ५० पाउंड. एकोणीसपैकी अकरा दांड्या ५० ते ५५ मध्ये बसल्या. दांडी लवताना काट्याकडे पाहत बसणं यात मला इतका आनंद मिळाला की दुपारचं जेवण राहून गेलं.

२१ मे

आठ लाकडी बाण तयार. नॉकच्या बाजूला ११ अंशांचा उतार, टोकाच्या बाजूला ५ अंशांचा. नॉक चिकटवताना खाच लाकडाच्या रेषांना आडवी येईल अशी धरली, म्हणजे दांडीची कडक बाजू धनुष्याला टेकते. पिसं टर्कीची, तिन्ही उजव्या पंखाची. डाव्या-उजव्या पंखांची पिसं एका बाणावर मिसळायची नाहीत, पिसाचा नैसर्गिक बाक उलटसुलट होतो. प्लास्टिकच्या पिसांचा विचारच केला नाही. माझा बाण थेट मुठीवरच्या खाचेवरून जातो. खरं पीस तिथे दबतं आणि पुढे गेल्यावर पुन्हा उभं राहतं. प्लास्टिक तिथे आपटून बाणाची शेपटी उडवतं.

वजनं ५११ ते ५२३. सुंदर दिसतात.

८ जून

अडीच आठवडे हेच आठ बाण. वठलेले बुंधे, मातीचे ढिगारे, सडलेली ओंडकी. अंतर न मोजता नेमबाजी. उडतात छान.

दोन मोडले. दोन्ही टोकाच्या लगेच मागे, जिथे उतार सुरू होतो तिथे. एकाला पुन्हा उतार काढून टोक बसवलं, पण दांडी पाऊण इंचाने आखूड झाली आणि आखूड दांडी जास्त कडक वागते. तो बाण आता इतरांच्या डावीकडे जातो. लाकडी बाण दुरुस्त होतो असं मी नेहमी म्हणायचो. होतो, पण मग तो 'तोच' बाण राहत नाही.

१९ जून

सहा दिवस पाऊस. बाण भात्यात, भाता पडवीत. आज उरलेले सहा फळीवर फिरवले. चार वाकडे. फार नाही, टोक फिरताना जेमतेम एखाद्या तांदळाच्या दाण्याइतकं हलतं. दांडी तळव्याच्या उंचवट्यावर दाबत, घासून गरम करत सगळे सरळ केले. तासभर लागला, आणि ते काम मला मनापासून आवडतं. संध्याकाळी पुन्हा पाहिलं तर त्यातला एक परत आपल्या जागी गेला होता.

लाखेचा आणखी एक हात दिला तर ओल कमी शिरेल, हे माहीत आहे. रोज तपासणारा माणूस लाकडी बाणांनी उत्तम शिकार करतो, शेकडो वर्षं करत आला आहे. प्रश्न माझा आहे. पहाटे साडेतीनला उठून, थंडीत, बॅटरीच्या उजेडात मी सहा बाण फिरवून, सरळ करून निघेन का? पहिल्या आठवड्यात निघेन. तिसऱ्या आठवड्यात, दमलेला असताना, 'कालच तर पाहिले होते' असं म्हणेन. गेल्या हंगामात नेमकं हेच झालं होतं.

लाकडाची आवड माझी आहे. तिची किंमत हरणाने का द्यावी?

शिकारीचे बाण लाकडाचे नसतील. लिहिताना वाईट वाटतंय.

२१ जून

ॲल्युमिनियम की कार्बन?

ॲल्युमिनियमच्या दांड्या मला आवडतात, कारण त्या काही लपवत नाहीत. २०१६ लिहिलेलं असलं की बाहेरचा व्यास २०/६४ इंच आणि पत्र्याची जाडी ०.०१६ इंच. सरळपणा आणि वजन इतकं एकसारखं की जुळवाजुळव करावीच लागत नाही. पण दगडावर, बुंध्यावर एकदा तिरका बसला की वाकतो, आणि थोडासा वाकलेला डोळ्याला दिसत नाही. सरावात मी बुंध्यांवरच मारतो.

कार्बन एक तर सरळ असतो नाहीतर तुटलेला असतो. मधली अवस्था नाही. ओल त्याला बाधत नाही. धोका एकच, चीर. दोन्ही टोकं धरून, स्वतःपासून लांब, चारही बाजूंनी वाकवायचा आणि कान द्यायचा. करकर आली की त्याचे तिथेच दोन तुकडे करायचे, म्हणजे चुकूनही परत भात्यात जाणार नाही. चिरलेला कार्बन सुटताना फुटला तर धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. ही तपासणी अंधारात, नुसत्या हातांनी होते, आणि माझ्या दृष्टीने हीच मोठी गोष्ट आहे.

५०० स्पाइनच्या बारा दांड्या. इथे आकडा उलटा चालतो. २८ इंचांच्या आधारावर १.९४ पाउंड वजनाने दांडी अर्धा इंच लवते म्हणून ५००. आकडा जितका मोठा तितकी दांडी मऊ.

२८ जून

पितळी इन्सर्ट, म्हणजे टोक फिरवून बसवायच्या नळ्या, प्रत्येकी ५० ग्रेन, दांडीच्या तोंडात बसवायचे. पहिला नुसता इपॉक्सी लावून बसवला. दुसऱ्या दिवशी सरावाच्या गादीतून बाण ओढला तर दांडी हातात आली, टोक आणि इन्सर्ट गादीत राहिले. कापताना पडलेली कार्बनची भुकटी आत तशीच होती, इपॉक्सी तिला चिकटला होता.

आता पद्धत ठरली. कापलेलं तोंड पॉलिश पेपरवर सपाट करायचं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून दांडीच्या आत फिरवायचा, बोळा पांढराच बाहेर येईपर्यंत. इन्सर्टही घासून, पुसून घ्यायचा. इपॉक्सी लावून फिरवत आत सरकवायचा आणि २४ तास हात लावायचा नाही. भुकटी नाकातोंडात जाऊ नये म्हणून मास्क लावला.

५ जुलै

या प्रकल्पातला सगळ्यात शिकवणारा दिवस.

दांड्या मुद्दाम पूर्ण लांबीच्या ठेवल्या होत्या, ३१ इंच. तीन बाणांना पिसं, दोन बिनपिसांचे. पिसं बाणाच्या चुका झाकतात. बिनपिसांचा बाण सगळं उघडं करतो. मी उजव्या हाताने दोरी ओढतो. माझ्यासारख्याचा बिनपिसांचा बाण पिसवाल्यांच्या डावीकडे गेला तर दांडी जास्त कडक, उजवीकडे गेला तर जास्त मऊ.

दहा मीटरवरून मारले. बिनपिसांचे दोन्ही वीतभर डावीकडे. म्हणजे कडक. पुढचं वजन वाढवलं की दांडी मऊ वागते, म्हणून १७५ ग्रेनचं टोक काढून २०० चं लावलं. आणखी डावीकडे. २५० चं लावलं. अजून डावीकडे, आणि आता बाण गादीत तिरपाच घुसायला लागला. मला काही सुचेना. दांड्यांवर छापलेला आकडाच चुकीचा असेल असंही वाटून गेलं.

संध्याकाळी दादाला बोलावलं. दोन बाण मारलेले पाहून त्याने धनुष्य हातात घेतलं.

"मुठीच्या कडेला हे काय झालंय?"

"काय?"

"इथे, बाण टेकतो त्याच्यावर. घासलंय बघ."

कातड्याच्या पट्टीवर कार्बनचा काळा ओरखडा होता, बोटाच्या पेराएवढा. दादाने तिथे टाल्कम पावडर चोपडली. "आता मार एक."

मारला. पावडरीत दांडी आपटल्याचा लांब पट्टा उमटला होता.

"कडक नाही रे, भलतीच मऊ आहे. कडेला आपटून डावीकडे उडतेय. तू वजन वाढवून तिला आणखी मऊ करत बसलास."

दोरी सुटली की बाण सरळ पुढे जात नाही, मुठीला वळसा घालत आधी एकीकडे आणि मग दुसरीकडे लवत जातो. भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे लवणं टिपलं होतं. योग्य कडकपणाच्या बाणाची शेपटी मुठीजवळून जाताना नेमकी बाहेरच्या बाजूला असते, म्हणून ती लागत नाही. अति मऊ बाण इतका लवतो की त्याचा मधला भाग मुठीवरच आदळतो. हे सगळं मी कितीदा वाचलं होतं. पण 'डावीकडे म्हणजे कडक' एवढंच डोक्यात पक्कं बसलं होतं.

टोक परत १७५ चं केलं. पाव इंच कापलं, मारलं. पुन्हा पाव इंच. तीस इंचांवर बिनपिसांचा बाण एकदम उजवीकडे गेला आणि मला बरं वाटलं, कारण आता तो खरं बोलत होता. पावडरीवर पट्टा नाही. पुढचे दोन पाव इंच फार सावकाश कापले. साडेएकोणतीसला पिसवाले आणि बिनपिसांचे एकाच मुठीत मावतील इतके जवळ आले. काळोख पडला तरी मारत होतो. दादा चहाला हाका मारत होता.

६ जुलै

पक्का बाण : कार्बन ५००, लांबी साडेएकोणतीस इंच, पितळी इन्सर्ट ५०, टोक १७५, पाच इंची तीन पिसं, उजवा पंख, पेचदार बसवलेली. एकूण वजन ४९६ ग्रेन. पाउंडामागे जवळजवळ पावणेअकरा. तोल नॉकच्या खाचेपासून २१ इंचांवर, म्हणजे मध्यापासून सव्वासहा इंच पुढे, लांबीच्या २१ टक्के. वजन पुढे असलं की मागच्या पिसांना बाण लवकर सावरता येतो.

बारा बाणांचं वजन ४९३ ते ४९९. मे महिन्यातली ती खिचडी आठवली.

१२ जुलै

पातं. बाजारात तीन पात्यांची, चार पात्यांची, आत लपून आपटल्यावर उघडणारी, बदलत्या ब्लेडची अशी पाती मिळतात. मी एकाच पोलादी तुकड्याचं, दोन धारांचं, थेट इन्सर्टमध्ये फिरवून बसणारं घेतलं, १७५ ग्रेन. ४६ पाउंडांच्या धनुष्यात उघडणाऱ्या पात्यावर खर्चायला ताकद शिल्लक नसते. आणि जिथे सांधा नाही तिथे काही सैल होणार नाही. रुंदी नियमात बसते की नाही ते आधी पाहिलं. अनेक ठिकाणी धनुष्याचा किमान ताण आणि पात्याची किमान रुंदी परवान्याच्या अटींतच असते आणि उलटे काटे असलेल्या टोकांना बंदी असते.

बाण जनावराला धक्क्याने पाडत नाही. तो कापतो, रक्त वाहतं आणि त्याने जनावर पडतं. धार चांगली असेल तर काही सेकंदांत. म्हणून धारेवर आज पूर्ण दिवस.

माझं पातं एका बाजूनेच उतरतं, २५ अंश, उजव्या हाताचं. पिसांचा पेचही उजवाच, म्हणजे हवेत आणि आत शिरताना बाण एकाच दिशेने फिरतो. उताराची बाजू काळ्या मार्करने रंगवली. बारीक कानशीवर दोन हात फिरवून पाहिलं, शाई कुठे उरली? मागच्या कडेला उरली होती. मनगट किंचित आत घेतलं. पुन्हा शाई, पुन्हा दोन हात. शाई एकसारखी निघायला लागली तेव्हा कोन सापडला. तसंच घासत राहिलं की सपाट बाजूला अंगठ्याच्या नखाला एक खरखरीत कड लागते. टोकापासून मागेपर्यंत सलग लागली पाहिजे. मधे कुठे नसेल तर तिथे धार अजून भेटलेली नाही. मग ओला दगड, मऊ हाताने. मग सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून दोनच फेरे, ती कड उडवण्यापुरते. शेवटी कातडी पट्टा, नेहमी मागे ओढत.

परीक्षा ताणलेल्या रबरबँडची. पातं नुसतं टेकवून अलगद ओढायचं, दाबायचं नाही. रबर तटकन तुटलं पाहिजे. सहापैकी चार पाती पास. दोन उद्या परत.

१४ जुलै

ती दोनही झाली. तेलाचा हात देऊन ठेवली, गंजाने धार जाते.

२ ऑगस्ट

पात्याचे बाण आणि सरावाचे बाण एकाच जागी लागतात का, ते पाहिलं. पातं म्हणजे पुढे लावलेली दोन पिसंच, बाणाची बारीकशी खोडही ते मोठी करून दाखवतं. आडवं सगळं जुळलं, पण पाती तळव्याएवढी खाली. दोरीवरची नॉकची खूण पाव इंचाच्या निम्म्याने खाली घेतली. आता काटकोनापासून अर्धा इंच वर आहे. पाती वर आली आणि सरावाच्या बाणांत मिसळली.

या पात्यांवर 'सराव' असं रंगवून ठेवलं. गादीत शिरलेलं पातं पुन्हा धार केल्याशिवाय शिकारीला नाही.

९ ऑगस्ट

बाकीचं सामान. दोरी डॅक्रॉनची, सोळा पदरी, वर लोकरीचे दोन गोंडे, आवाज मारायला. मुठीपासून दोरीचं अंतर आठ इंच. दोरी नवी असताना सैलावत जाते, म्हणून हे रोज मोजतो. एक जादा दोरी, घडी बसलेली आणि नॉकची खूण केलेली, खिशात. बोटांना घोड्याच्या कातड्याचा टॅब, मनगटाला पट्टा. भाता धनुष्यालाच बसणारा, पात्यांवर पूर्ण टोपण असलेला. उघड्या पात्यांचा भाता घेऊन घसरणारा माणूस मी पाहिलाय. पाठीवरचा भाता दिसायला देखणा, पण चालताना त्यात बाण एकमेकांवर वाजतात आणि घासून धारही जाते.

नेमकाठी, अंतरमापक, वाऱ्याचं यंत्र, सगळं काढून टाकलं. अंतर लांब असेल तर मारायचंच नाही, मग मोजायचं कशाला?

२४ सप्टेंबर

तीस दिवस रोज सकाळी एकच बाण. अंग न तापवता, अंतर न मोजता, जाड जॅकेट घालून, कधी गुडघ्यावर बसून. दुसरा बाण नाही. जंगलात पहिलाच बाण असतो, तो चुकल्यावर दहावा किती छान लागतो याला अर्थ नाही. लक्ष्य १८ सेंटिमीटरची ताटली, हृदय आणि फुप्फुसाच्या जागेएवढी. मारून झाल्यावर टेपने अंतर मोजलं.

तीसपैकी सव्वीस ताटलीत. चुकलेल्या चारांपैकी तीन सतरा मीटरच्या पलीकडचे. चौथा चौदा मीटरवरचा, त्या दिवशी ओढ पूर्ण झाली नव्हती हे मला सोडतानाच कळलं होतं.

माझी हद्द पंधरा मीटर. जनावर आडवं किंवा किंचित पाठमोरं असेल तरच. समोरून तोंड असेल तर धनुष्य खालीच.

२ ऑक्टोबर

उद्या पहाटे निघायचं. रात्री सगळे बाण टेबलावर घेतले. वाकवून ऐकले, एकही करकरला नाही. नॉक दोरीवर टिचकीसारखी बसते आणि दोरीवर बोट मारलं की सुटते. पिसांची टोकं नखाने उचलून पाहिली. सहाही पात्यांनी रबर कापलं.

मग फळीवर टोक टेकवून एकेक फिरवला. पहिले पाच भोवऱ्यासारखे उभे राहिले. सहाव्याच्या पात्याखाली, सांध्यापाशी, किंचित थरथर होती. पातं काढून दुसऱ्या दांडीवर लावलं तर तिथे स्थिर. म्हणजे पातं चांगलं, या दांडीतलं इन्सर्ट तिरकं बसलंय. तीन महिने मी हाच बाण बाकीच्यांबरोबर मारत होतो.

त्याच्या नॉकपाशी लाल धागा बांधून सरावाच्या बाणांत ठेवला. भात्यात पाच आहेत.